मधल्या बोटाचं टोकाचं पेर

लीड्स,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

दादानं पाठवलेले तुझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि एक्स-रेचे फोटो नीट पाहिले. हाड शाबूत आहे. येळवशीच्या अवसेला लागलेलं बोट तुम्ही त्याच आठवड्यात अंबाजोगाईला दाखवलंत आणि शनिवारी, ४ तारखेला, स्प्लिंट बसवून आणलंत, हे फार बरं केलं. स्प्लिंटला तू टोपी म्हणतेस, मीही आता टोपीच म्हणते.

पण परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही. "दुखत तर काही नाही. एवढ्याशा टोकासाठी आठ हप्ते बोट बांधून बसायचं? भोगीच्या भाकरी थापण्यापुरती टोपी काढली तर काय होतंय?" होतंय ते सगळं खाली लिहिते. नुसतं 'नको' म्हटलं की तू ऐकत नाहीस, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पत्र टपालानं येईल तेव्हा येईल. पानांचे फोटो आजच दादाच्या फोनवर टाकते. वहिनी, तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि टोपी बदलायचा भाग दोनदा वाचा, कारण ते काम तुम्हालाच करायचं आहे.

आई, आधी वहिनीच्या हातावर एक गोष्ट करून बघ. त्यांना मधलं बोट नुसतं वाकवायला-सरळ करायला सांग, आणि तू त्यांच्या कोपराखाली, हाताच्या वरच्या अंगाला तळवा टेकव. बोट हलतं टोकाला, पण मांस हलतं कोपराजवळ. बोटात स्नायू नावालाही नाही. स्नायू असतात कोपरापासून मनगटापर्यंत आणि थोडे तळहातात. तिथून दोऱ्या निघतात, आणि कळसूत्री बाहुलीसारखं बोट त्या दोऱ्यांवर चालतं. वाकवणाऱ्या दोऱ्या तळहाताच्या बाजूनं येतात, जाड आणि दणकट. सरळ करणारी दोरी बोटाच्या पाठीवरून येते. मधल्या पेरावर तिच्या दोन बाजूच्या पट्ट्या एकत्र होतात आणि एकच चपटी, पातळ पट्टी टोकाच्या हाडाच्या बुडाशी चिकटते. ही पट्टी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, म्हणजे गोधडीच्या दुहेरी दोऱ्याएवढी. जिथं ती चिकटते तिथून नखाचं मूळ एक-दीड मिलिमीटरवर आहे. नखाच्या मागं जो इवलासा सांधा आहे, तो सरळ ठेवायचं सगळं काम या एकट्या दोऱ्यावर.

तुझा तोच दोरा हाडापासून सुटलाय.

बैलगाडीचं जू आठव. एका अंगाचा बैल सुटला की जू दुसऱ्या अंगाला झुकतं, त्या दुसऱ्या बैलानं काही वेगळं केलेलं नसतं. तुझ्या बोटाचं टोक खाली पडलंय ते असंच. वाकवणारी दोरी तिच्या जागी ठीक आहे, तिला तोलणारं समोर कुणी राहिलं नाही. म्हणून तू कितीही जोर लावलास तरी टोक आपलं आपण उठत नाही, आणि दुसऱ्या हातानं उचललं की अलगद सरळ होतं. ही या दुखण्याची खूण. सांधा निखळला असता तर असं सहज सरळ झालं नसतं. त्यामुळे कुणी "हाड बसवून देतो" म्हणालं तरी हात पुढं करायचा नाही. बसवायला काही उतरलेलंच नाही. गावातल्या माणसाचा हेतू चांगला असतो, पण ओढून, चोळून, तेल लावून सांधा वाकवणं ही या दोऱ्याच्या बाबतीत सगळ्यात वाईट गोष्ट.

चादर गादीखाली खोचताना एवढं कसं झालं, हा तुझा दुसरा प्रश्न. अगदी असंच होतं. बोट ताठ असतं, टोक गादीच्या कडेला अडतं आणि मागून हाताचा जोर येतो. सरळ करणारी दोरी ओढून धरलेली असते आणि नेमकं त्याच वेळी टोक खाली दाबलं जातं. पोरांना क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर लागून हेच होतं. मधलं बोट सगळ्यात लांब, म्हणून पुष्कळदा तेच आधी सापडतं. वय झालं की दोरा थोडा विरलेलाही असतो, मग तो तुटायला फार जोर लागत नाही आणि फार दुखतही नाही. दुखत नाही म्हणूनच लोक "लचक भरली असंल" म्हणून महिनाभर अंगावर काढतात.

इथं दादासाठी दोन ओळी. गोठ्यात काम करताना उलटी इजाही होते, ती ओळखून ठेव. जनावर हिसका देतं, कासरा किंवा दावं मुठीत असतं, आणि मुठीतलं बोट जोरानं उलगडलं जातं. तेव्हा तळहाताकडची, वाकवणारी दोरी टोकाच्या हाडापासून सुटते. बहुतेक वेळा ते करंगळीशेजारचं बोट असतं. त्यात टोक पडत नाही, बोट सरळच दिसतं, पण मूठ आवळताना टोक वाकत नाही. त्याला टोपी चालत नाही. ती दोरी आत तळहाताकडे सरकत जाते, आणि ऑपरेशन आठ-दहा दिवसांच्या आत झालं तरच नीट जमतं. थोडक्यात, टोक सरळ होत नसेल तर टोपी, आणि टोक वाकत नसेल तर त्याच दिवशी गाडी काढून मोठा दवाखाना. आणि घरातल्या लहानग्याचं बोट दारात चेमटून टोक पडलं आणि नखाच्या बुडातून रक्त आलं, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं. लहान मुलांचं हाड तिथं वाढीच्या जागी मोडतं आणि नखाचं मूळ त्यात अडकतं.

आता आठ आठवडे का. तुटलेलं टोक हाडापाशी आणून टेकवलं की शरीर मध्ये नवा जोड भरायला लागतं. पहिल्या आठवड्यात तिथं नुसती सूज आणि चिकट रस असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नवे धागे पडायला लागतात, पण ते ओल्या मातीच्या भिंतीसारखे, हात लावला की खचणारे. बोटाचं दुखणं मात्र याच सुमाराला थांबलेलं असतं. दुखणं थांबणं आणि जोड पक्का होणं यांच्यामध्ये पाच-सहा आठवड्यांचं अंतर आहे, आणि सगळी माती होते ती या अंतरात. हा जोड एक मिलिमीटर जरी लांब पडला तरी टोक सुमारे २५ अंश झुकलेलं राहतं. एक मिलिमीटर! ज्वारीच्या दाण्याची जाडीसुद्धा त्याहून जास्त.

म्हणून टोक एकदा खाली पडलं की जोड ताणला जातो आणि हिशोब पहिल्या दिवसापासून सुरू होतो. सहाव्या आठवड्यात पडलं तर सहा आठवडे पाण्यात. इथंही हेच आठ आठवडे सांगतात. दोऱ्यासोबत हाडाचा लहानसा कपचा निघालेला असेल तर हाड लवकर जुळतं, मग सहा आठवडे पुरतात. तुझ्या एक्स-रेत कपचा नाही, म्हणजे पूर्ण आठ.

टाके घालून टाकायचे ना, असं दादा म्हणाला. दोरा इतका पातळ आहे की टाका धरत नाही, ओल्या चिंधीसारखा फाटतो. वरची कातडीही पातळ. कापलं की जखम भरायला त्रास, सांधा आखडतो. अशा साध्या दुखापतीत टोपी जे देते त्याहून जास्त काही ऑपरेशन देत नाही. इळ्यानं किंवा खुरप्यानं बोटाच्या पाठीवर कापून दोरा तुटला असेल, हाडाचा मोठा, सांध्याच्या एक तृतीयांशाहून जास्त तुकडा निघाला असेल किंवा सांधा पुढं सरकला असेल, तर गोष्ट वेगळी. तुझ्यात यातलं काही नाही.

टोपी कशी बसलीय ते फोटोत पाहिलं. खालची कड मधल्या सांध्याच्या वळीच्या अलीकडेच थांबते, ते बरोबर आहे. टोपीनं फक्त टोकाचा सांधा धरायचा. मधला सांधा आणि बोटाच्या बुडाचा सांधा मोकळे राहिले पाहिजेत, आणि ते तू हलवलेही पाहिजेस. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहादा, टोपी घालूनच मूठ अर्धी मिटायची आणि उघडायची. नाहीतर आठ आठवड्यांनी टोकाचा सांधा सुटतो आणि मधला धरतो, असं होतं.

दोष आहे तो चिकटपट्टीत, आणि तो घरचाच आहे. दादा, तू पट्टी तीन वेढे आवळून गुंडाळलीस, पेंढी बांधल्यासारखी. मधलं पेर दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसतंय. अर्धा इंच रुंदीची कागदी चिकटपट्टी, मेडिकलमध्ये मायक्रोपोर मागितलं की मिळते, तिचा एकच वेढा, मधल्या पेरावर, टोकं एकमेकांवर नखभर चढतील एवढाच. ओढून लावायची नाही, नुसती ठेवून दाबायची. शेजारच्या बोटाचं नख दाबून सोड. ते पांढरं होतं आणि दोन सेकंदांच्या आत गुलाबी होतं. टोपीतल्या बोटाचं नख दिसत असेल तर तेही तितक्याच वेळात गुलाबी झालं पाहिजे.

आता वहिनी, तुमचा भाग. टोपी दिवसाआड काढून बोट धुवायचं आहे. रोज काढायची गरज नाही, आणि आठवडाभर तशीच ठेवलीत तर आत कातडी कुजेल. वेळ अशी निवडा की चुलीवर काही नाही, पोरं शाळेत आणि फोन बाजूला. समोर पाट ठेवा. पाटावर स्वच्छ सुती कापड. शेजारी साबण लावलेला ओला कपडा, दुसरा साध्या पाण्याचा पिळलेला, तिसरा कोरडा, आणि नव्या चिकटपट्टीचा तुकडा आधीच कापून पाटाच्या कडेला डकवलेला. तो मागाहून शोधायला गेलात की घात झाला.

आईचा तळहात पाटावर पालथा, चारही बोटं पाटाला पूर्ण टेकलेली. जुनी पट्टी काढा. आता टोपी वर उचलायची नाही. पाटाला समांतर, बोटाच्या रेषेत, पुढं सरकवत काढायची, तोंडातून चमचा ओढतात तशी. टोपी निघताना बोट पाटालाच टेकलेलं राहिलं पाहिजे. आई, तू त्या वेळी काही करायचं नाहीस. मदत म्हणून बोट उचलायचं नाही, "बघू कसं दिसतंय" म्हणून हात तोंडासमोर आणायचा नाही. सगळ्यात जास्त वेळा टोक पडतं ते याच क्षणी, कुतूहलानं.

मग वहिनी, बोटाची वरची बाजू आणि दोन्ही कडा पुसून घ्या. खालची बाजू पुसायची तर आधी तुमच्या डाव्या हाताची तर्जनी आईच्या नखाखालच्या मऊ भागाला खालून टेकवा, टोक किंचित वरच्या अंगाला धरून ठेवा, आणि मगच बोट पाटावरून उचला. पुसून झालं की परत पाटावर. कोरड्या कापडानं टिपून घ्या, घासू नका. पाच मिनिटं तसंच हवेला राहू द्या. तेवढ्यात टोपी आतून धुऊन पुसून कोरडी खडखडीत करा. आत ओल राहिली की धुणं धुतल्यावर बोटांची होते तशी कातडी पांढरी, सुरकुतलेली होते, आणि मग सोलते. हळद-चुना, आंबेहळदीचा लेप, व्हॅसलीन, पावडर यातलं काही आत भरायचं नाही. लेपानं वरची सूज उतरेल, नाही असं नाही, पण बंद टोपीत तो ओलसर चिखल होऊन बसतो. आईला साखर आहे, तिच्या कातडीला एवढंसं निमित्तही पुरतं.

टोपी परत घालताना पुन्हा पाटाला समांतर, समोरून सरकवायची. टोक अगदी सरळ किंवा केसभर वर असावं. 'वर जास्त तेवढं बरं' असं नसतं. सांध्याच्या पाठीवरची कातडी पांढरी पडली तर टोक जास्त वर धरलं गेलंय आणि तिथं रक्त पोचत नाहीये. दोन दिवस तसंच राहिलं तर त्या जागी फोड येऊन कातडी मरते. तेव्हा टोपीखाली मधल्या पेराशी कापडाची एक घडी देऊन किंवा दवाखान्यात नेऊन टोपी नव्यानं घडवून घ्यायची. आणखी आठवडाभरानं सूज उतरेल तेव्हा हीच टोपी सैल होईल. सैल टोपीत टोक आतल्या आत पाच-दहा अंश झुकतं आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. टोपी बोटावर फिरायला लागली की लगेच दाखवा. शक्य असेल तर दुसरी टोपी करून घ्या, म्हणजे एक धुवायला, एक बोटात.

एक गोष्ट तिथं बहुधा सांगितली नसेल, कारण दवाखान्यात चूल नसते. ही टोपी गरम पाण्यात मऊ करून तुझ्या बोटावर घडवलेली आहे. साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात ती पुन्हा मऊ पडते. तव्यापाशी, चुलीच्या आरापाशी, उकळत्या भातावरच्या वाफेत हात गेला की ती मधूनच वाकू शकते. ते तुला चटका लागल्याशिवाय कळणारही नाही. उजवा हात चुलीपासून लांब. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचेपाशी टोपी ठेवायची नाही, आणि धुतलेली टोपी वाळवायला चुलीजवळ तर नाहीच नाही.

आता भाकरी. आई, तू परातीत उंडा ठेवतेस आणि उजव्या हाताची बोटं पसरून थापतेस, तेव्हा बोटांची टोकं किंचित वर उचललेली असतात. ती तू मुद्दाम उचलत नाहीस, हात आपोआप तसा होतो. म्हणूनच भाकरी कडेपर्यंत एकसारखी होते आणि मध्ये बोटाचा खड्डा पडत नाही. गव्हाच्या पिठाला ताण असतो, पोळी लाटण्याखाली ओढली जाते. ज्वारी-बाजरीच्या पिठाला तो ताण नाही, ते फक्त पाण्यानं आणि हाताच्या हलक्या मारानं धरून राहतं. एक टोक ३० अंश झुकलं की दर थापीला नखाची कड पिठात रुतते. गरगर फिरणाऱ्या भाकरीवर तसे दहा-बारा खड्डे पडतात आणि तव्यावर तिथंच ती तडकते. पुढं थापलेली भाकरी तळहातावर घेऊन तव्यावर टाकताना पुन्हा तीच बोटं सरळ लागतात. आजवर हजारो भाकरी झाल्या, त्यात या टोकाच्या सांध्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. तो सुटला तेव्हा कळलं की मुठीची ताकद वाकवणाऱ्या दोऱ्यांची असली तरी थापायचं काम सरळ करणाऱ्यांचं आहे.

तेव्हा १३ तारखेला भोगीच्या तीळ लावलेल्या भाकरी वहिनी थापतील. टोपी घालून थापायची कल्पनासुद्धा नको. पीठ आत जाईल, पाणी आत जाईल, आणि दर थापीला टोपी आपटेल. वहिनी नसतील त्या दिवशी पिठाची उकड काढून, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून दादानं लाटण्यानं लाटावी. त्याच्या भाकरीला पदर सुटणार नाही, पण पोट भरेल.

बाकी तुला पुष्कळ करता येतं. टोक बांधलं म्हणून हात बांधला नाही. अंगठा आणि तर्जनी मोकळी आहेत, तेवढ्यावर निवडणं, लसूण सोलणं, चिमटीनं मीठ टाकणं, हूक लावणं सगळं होतं. निवडताना जरा चाचपडशील, कारण मधल्या बोटाची जाण टोपीत गेलीय. पाठीवर दोन टाचण्या चार सेंटीमीटर अंतरानं टेकवल्या तर माणसाला पुष्कळदा एकच टेकल्यासारखी वाटते. बोटाच्या टोकावर त्या दोन-तीन मिलिमीटरवर असल्या तरी दोन आहेत हे डोळे मिटून कळतं. तांदळातला खडा डोळ्यांच्या आधी बोटाला सापडतो तो यामुळे. जपासाठी चार बोटांची बारा पेरं मोजतेस, त्यातलं एक आता टोपीखाली आहे. टोपीवरच अंगठा टेकव, देवाला चालतं.

नको त्या गोष्टी अशा. कपडे पिळणं, त्यात बोटाचं टोक जेवढं वाकतं तेवढं क्वचित कशात वाकत असेल. धार काढणं. कळशी, बादली. चादर खोचणं, हे तर सांगायला नको. आंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी, मनगटाशी सैल बांधून. महाशिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला, परळीला जाशील, तेव्हा साडेसात आठवडे झालेले असतील आणि तुला वाटेल आता काय राहिलं. तिथंही पिशवी.

१ मार्चला, शनिवारी, आठ आठवडे पूर्ण होतात. त्या दिवशी टोपी फेकायची नाही. आधी पाटावर हात ठेवून टोपी काढा आणि हात हवेत सरळ धरा. टोक सरळ राहिलं तर पुढचं सुरू. दहा-पंधरा अंशांहून जास्त पडलं तर परत टोपी, आणखी तीन-चार आठवडे. त्यात हरलो असं काही नाही. लागल्यापासून दोन-तीन महिन्यांनी पहिल्यांदा टोपी घालणाऱ्यांचंही बोट सुधारतं.

पुढचं म्हणजे हळूहळू वाकवणं. बाळ्याच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि जाड पुठ्ठ्यावर २५ अंशांचा कोन कापा. पहिल्या आठवड्यात टोक त्या पुठ्ठ्याला टेकेल एवढंच वाकवायचं आणि लगेच पूर्ण सरळ करायचं. सरळ करणं जास्त महत्त्वाचं, तिथं तीनपर्यंत मोजायचं. दहादा, दिवसातून चार-पाच वेळा, आणि बाकी वेळ टोपी. टोक सरळ होणं टिकतंय असं दिसलं तर दुसऱ्या आठवड्यात पुठ्ठा ३५ अंशांचा. दुसऱ्या हातानं दाबून वाकवायचं नाही, मुळीच नाही. सांधा आखडलेला असतो आणि लोकांना त्या आखडण्याचीच भीती वाटते. खरं तर आखडलेला सांधा वापरात येता येता सुटतो, पण ताणलेला दोरा परत आखूड होत नाही. दोन्हींत निवडायचं तर मला आखडलेलाच बरा वाटतो. रात्री टोपी आणखी चार आठवडे, २९ मार्चपर्यंत, कारण झोपेत आपण मूठ मिटतो. ३० ला पाडवा आहे. पुरण त्या दिवशी तू वाटलंस तरी चालेल, पण पुरणाचं पातेलं दादानं उचलायचं.

शेवटी टोक पाच-दहा अंश झुकलेलं राहू शकतं, आणि सांध्याच्या पाठीवर वाटाण्याएवढा उंचवटा आणि लाली काही महिने राहते. ते धरून चाल. काही केलं नाही तर काय होतं, तेही सांगते. टोक कायमचं पडतं, आणि जो जोर टोकापर्यंत पोचायचा तो सगळा मधल्या सांध्यावर येतो. काही महिन्यांनी मधला सांधा उलटा, पाठीकडे वाकायला लागतो आणि टोक खाली. बोट हंसाच्या मानेसारखं दिसतं आणि मूठ मिटताना मधल्या सांध्यात अडकतं. तिथपर्यंत गेलं की टोपीनं भागत नाही.

लगेच दवाखान्यात जायचं ते बोट निळं किंवा बधिर झालं, आत ठणका लागला, वास किंवा पू आला, किंवा टोपी घातलेली असूनही टोक झुकलेलं दिसलं तर.

वहिनी, येत्या रविवारी टोपी बदलाल तेव्हा दोन फोटो पाठवा. बोट पाटावर टेकलेलं, फोन पाटाच्या उंचीला, बाजूनं काढलेला. वरून काढला तर कोन कळत नाही. दुसरा फोटो सांध्याच्या पाठीवरच्या कातडीचा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. फ्लॅशमध्ये पांढरी कातडी आणि चकाकणारी कातडी सारखीच दिसते.

बाबांना नमस्कार. लहानांस अनेक आशीर्वाद. तिळगूळ डाव्या हातानं दिलास तरी कुणी काही म्हणत नाही, म्हटलं तर हे पत्र दाखव.

तुझी,
लेक